ग्रोसग्लॉकनर: तिकीट काढून चढायचा घाट

रस्त्याचं परीक्षण कुणी लिहितं का? हॉटेलांचं लिहितात, मिक्सरचं लिहितात. पण ऑस्ट्रियातल्या या घाटावर जायला नाक्यावर रीतसर पैसे मोजून तिकीट काढावं लागतं. म्हणजे ती विकत घेतलेली वस्तूच झाली, आणि विकत घेतलेल्या वस्तूबद्दल बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी किंमत, कारण घरात पहिली चर्चा तिच्यावरच झाली. एका चारचाकीचं दिवसाचं तिकीट चाळीस युरोंच्या वर जातं. एवढे पैसे निव्वळ रस्त्याचे? नवऱ्याने फोनवर लगेच दुसरी वाट शोधून ठेवली होती. पण तिकीट माणशी नसतं, गाडीमागे असतं. आम्ही सहा जण होतो: आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि सासरे. सहाने भागलं की प्रत्येकाच्या वाट्याला जे येतं, त्यात आल्प्समधल्या कुठल्याही रोपवेचं अर्धं तिकीटही निघणार नाही. शिवाय रोपवेत सासऱ्यांचा गुडघा, रांग, मुलांची धक्काबुक्की हे सगळं आलंच. इथे ज्याला उतरायचं तो उतरतो, ज्याला नाही तो काच खाली करून बघतो. महामार्गांसाठी जो टोल-पास घ्यावा लागतो, त्याचा या रस्त्याशी संबंध नाही. तो वेगळा, हा वेगळा. पास आहे म्हणून नाक्यावर वाद घालू नये.

पूर्ण नाव ग्रोसग्लॉकनर होखआल्पेनश्ट्रासे. उत्तरेला साल्झबुर्ग प्रांतातलं ब्रुक, दक्षिणेला कॅरिंथियातलं हायलिगेनब्लूट, आणि मध्ये 48 किलोमीटर. 36 हेअरपिन वळणं. नकाशा बघून वाटतं, दीड तासात पार होईल. होतोही. पण दीड तासात पार करायचा असेल तर तिकीट काढूच नका, एवढंच मला सांगायचं आहे, आणि पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण समजा. हा रस्ता पलीकडे पोचण्यासाठी नाही. तो थांबण्यासाठी बांधला आहे, आणि बांधणाऱ्यालाही तेच अभिप्रेत होतं.

बांधणारा म्हणजे फ्रान्त्स वालाक नावाचा इंजिनिअर. काम 1930 मध्ये सुरू झालं आणि 3 ऑगस्ट 1935 ला रस्ता खुला झाला. मंदीचे दिवस, हाताला काम नाही, अशा वेळी हजारो मजुरांनी दोन हजार मीटरच्या वर, वर्षातले बर्फ नसलेले थोडे महिने हाताशी धरून हा डोंगर कापला. त्या काळी तिथे मोटारी होत्या किती? तरी मोटारींसाठी रस्ता केला, आणि तोही जिथून डोंगर चांगला दिसतो तिथून वळवत नेला. हे गाडी चालवताना कळतं. प्रत्येक वळणाला समोर काहीतरी येतं, नुसती कड्याची भिंत फार कमी वेळा.

गाडी मी चालवली. आमच्याकडे लांबचा प्रवास आणि घाट माझ्याकडे, शहरातलं पार्किंग नवऱ्याकडे, अशी जुनी वाटणी आहे. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून, हे अर्ध्या तासात अंगवळणी पडतं. घाटात तर उलट सोपं, कारण चौक नाहीत. आंतरराष्ट्रीय परवाना आणि त्यासोबत मूळ परवाना, दोन्ही जवळ ठेवा. चौदा वर्षांखालचं आणि 135 सेंटिमीटरपेक्षा बुटकं मूल असेल तर त्याच्या मापाची सीट लागते, तो कायदा आहे, आणि भाड्याची गाडी घेताना ती आधी सांगून ठेवावी लागते. धाकटा या सीटवर बसायला नाराज होता, पण सीटने तो उंच झाला आणि खिडकीतून त्यालाच सगळ्यांत जास्त दिसलं. सहा माणसं म्हणून सात आसनी गाडी घेतली होती. शेवटची रांग पाडून सामान टाकायची सोय गेली, म्हणून मोठ्या बॅगा हॉटेलातच सोडल्या. घाटाला हलकी गाडी न्या. चढताना इंजिन आणि उतरताना ब्रेक, दोघंही दुवा देतील.

ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी: शेवटच्या रांगेत बसवू नका, आणि फोन हातातून काढून घ्या. थोरलीला फोन बघत चढायचं होतं. चौथ्या वळणालाच तिने तो स्वतःहून आजीच्या पर्समध्ये टाकला.

उत्तरेकडून निघालं की फेर्लायटेनला टोलनाका लागतो, साधारण साडेअकराशे मीटरवर. तिथून खरी चढण. वळणांना क्रमांक आहेत, पाटीवर उंचीही लिहिलेली असते, त्यामुळे धाकट्याला काम मिळालं. प्रत्येक पाटी तो ओरडून वाचत होता. सासरे त्याच्याकडून वजाबाकी करून घेत होते, मागच्या पाटीपासून किती चढलो ते. चढ जास्तीत जास्त बारा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की बारा मीटर वर. ऐकायला कमी वाटतं. पण तो सलग तासभर चालू राहतो. रस्ता रुंद आहे, डांबर चांगलं, दोन मोठ्या बस वळणावर समोरासमोर आल्या तरी निभावून नेतात. खालच्या टप्प्यात सुचिपर्णी झाडांचं जंगल, मग झाडं बुटकी होत जातात, मग नुसतं गवत, मग दगड. तासाभराच्या आत झाडं संपलेली बघणं हा प्रकार मुलांना कुठल्याही धड्यापेक्षा नीट समजला. खाली टी-शर्टवर होतो, वर पोचेपर्यंत सगळ्यांची जॅकेटं अंगावर. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात वारा धरायचा. कानटोपी नेली होती म्हणून सासूबाई दिवसभर आम्हाला ऐकवत होत्या, आणि त्यांना तो हक्क होता.

फुशर ट्यॉर्ल ही पहिली थांबायची जागा, 2428 मीटर. इथे रस्ता एका टेकाडाला वळसा घालतो. तिथे दगडी स्मारक आहे, क्लेमेन्स होल्त्समाइस्टर या वास्तुविशारदाचं. रस्ता बांधताना जे मजूर गेले त्यांच्यासाठी. बरेच लोक त्याच्याकडे पाठ करून डोंगरांचे फोटो काढत असतात. सासऱ्यांनी आयुष्यभर बांधकाम खात्यात नोकरी केली आहे. ते आत जाऊन बराच वेळ उभे होते, आणि बाहेर येऊन म्हणाले, "आपल्याकडे कंत्राटदाराच्या नावाची पाटी लागते." एवढंच.

तिथून एक फाटा एडेलवाइसश्पिट्झेला जातो, आणि संपूर्ण रस्त्यात मला सगळ्यांत जास्त आवडलेली जागा तीच. 2571 मीटर, या रस्त्यावरचा सर्वांत उंच बिंदू. फाट्याचा रस्ता फरसबंदी आहे, दगडी चिऱ्यांचा, अरुंद आणि खडा. मोठ्या बस इथे येत नाहीत, आणि जागेच्या चांगुलपणाचं निम्मं कारण तेच आहे. ओल्या चिऱ्यांवर चाक घसरल्यासारखं वाटतं, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये निमूट चढायचं. नवरा म्हणाला, "आपण चालत जाऊ या का?" मी उत्तर दिलं नाही. वर पोचल्यावर तीन हजार मीटरच्या वरची तीसहून अधिक शिखरं दिसतात असं तिथे सांगतात. मी मोजली नाहीत. पण चारही बाजूंनी डोंगर आणि मध्ये आपण, गाडीतून उतरून दहा पावलं चालल्यावर, हे मी आणखी कुठे बघितलेलं नाही. ज्या माणसाला गुडघ्यामुळे आयुष्यात आता ट्रेक करता येणार नाही, त्याला ती जागा मिळते. माझ्या लेखी तिकिटाचे पैसे इथेच वसूल झाले.

पुढे थोडं उतरलं की फुशर लाके, छोटंसं तळं. काठावर रस्त्याच्या बांधकामाचं प्रदर्शन आहे, जुने फोटो, अवजारं. त्याआधीच्या टप्प्यात आल्प्सच्या निसर्गाचं एक लहान संग्रहालय आहे, त्याचं वेगळं तिकीट नाही. मुलांना खेळायला जागा आहेत, एकापेक्षा जास्त. आम्ही एका ठिकाणी पाऊण तास घालवला. घसरगुंडीवरून तीन हजार मीटरचे डोंगर दिसत असताना धाकटा फक्त घसरगुंडी बघत होता. ठीक आहे, त्याचेही पैसे वसूल झाले.

होखटोर हा मुख्य रस्त्याचा माथा, 2504 मीटर. तिथे 311 मीटरचा बोगदा आहे आणि बोगद्याच्या आत प्रांत बदलतो. रस्ता खोदत असताना 1933 मध्ये या खिंडीत ग्रीक पुराणातल्या हेराक्लिसची कांस्याची छोटी मूर्ती सापडली. मोटारींच्या आधी हजारो वर्षं माणसं आणि ओझ्याची जनावरं याच खिंडीतून मीठ-सोनं घेऊन जात-येत होती. हे वाचून बोगद्यात शिरलो, बाहेर पडलो आणि हवा पूर्ण वेगळी. उत्तरेला ढग, दक्षिणेला लखलखीत ऊन. घाटमाथ्याला ढग अडतात हे आपल्याला नवीन नाही, पण गाडीतल्या गाडीत ऋतू बदलल्यासारखं झालं.

आता खाण्याचं. रस्त्यावर बरीच उपाहारगृहं आहेत, दर डोंगरावरचे, म्हणजे चढे. शाकाहारी माणसांनी एक लक्षात ठेवावं: मेनूत फ्रिटाटेनझुपे नावाचं सूप सगळीकडे असतं, त्यात धिरड्याच्या पट्ट्या तरंगतात, बघून निष्पाप वाटतं. त्याचा रस्सा गोमांसाचा असतो. विचारूनच घ्या. सासूबाईंसाठी आम्ही कासनोकन मागवलं, छोटे कणकेचे गोळे, भरपूर चीज, वरून तळलेला कांदा, लोखंडी तव्यातच समोर ठेवतात. चीज उग्र आहे. त्यांनी दोन घास खाल्ले, मग पर्समधून मेतकुटाची डबी काढली आणि त्यावर भुरभुरली. आजूबाजूच्या कुणाला काही वाटल्याचं दिसलं नाही. मला चाखायला दिलं. खोटं कशाला बोलू, बरं लागत होतं. मुलांनी कैझरश्मार्न संपवलं. जाड गोड धिरडं तव्यातच फाडून तुकडे केलेले, वर पिठीसाखर आणि बाजूला आलूबुखारचा मुरंबा. त्यात अंडं असतं, चालत असेल तर अजिबात सोडू नका. एक प्लेट दोघांना पुरते.

माथ्यावरून दक्षिणेला उतरताना गुटालला फाटा फुटतो, तो हिमनदीकडे जातो. हा भाग मूळ रस्त्याच्या आधी, 1932 मध्येच तयार झाला होता. बरंच उतरून पुन्हा चढायचं आहे हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर "आता खाली आलो ना?" हा प्रश्न मागच्या सीटवरून येत राहतो. शेवटी कैझर-फ्रान्त्स-योजेफ्स-ह्योहे, 2369 मीटर. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्त्स योजेफ 1856 मध्ये इथे आला होता, म्हणून हे नाव. तो पायी आला होता. आपण बहुमजली वाहनतळात येतो.

वाहनतळ डोळ्यांना बरा नाही. काँक्रीटचा मोठा ठोकळा, समोर ऑस्ट्रियातलं सर्वांत उंच शिखर. गर्दीही इथेच सगळ्यांत जास्त, बस, मोटारसायकली, सगळे. उन्हाळ्यातल्या दुपारी इथे शांतता मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. पण कठड्याशी गेलात की समोर ग्रोसग्लॉकनर, 3798 मीटर, अगदी टोकदार, आणि पायथ्याशी पास्टर्त्से, ऑस्ट्रियातली सर्वांत लांब हिमनदी.

हिमनदी म्हणून जे चित्र डोक्यात असतं, ते इथे वरच्या बाजूला दिसतं. खाली बहुतेक दगडगोटे, राखाडी चिखल आणि वितळलेल्या पाण्याचं मळकट तळं. 1963 मध्ये इथून खाली बर्फापर्यंत जायला रुळावरची छोटी गाडी बांधली होती. तिचं खालचं टोक आता उताराच्या मध्येच लटकल्यासारखं दिसतं, बर्फ त्याच्या कितीतरी खाली गेला आहे. पायवाटेवर पाट्या आहेत: अमुक साली हिमनदी इथपर्यंत होती. 1879 पासून तिची मापं घेतली जातात. थोरली त्या पाट्या वाचत उतरत होती. तिच्या जन्माच्या आसपासच्या वर्षाची पाटी आल्यावर ती थांबली आणि वर बघितलं, मग खाली बघितलं. मला म्हणाली, "आणि आपण इथे डिझेलच्या गाडीतून आलो." मी म्हटलं, हो. पुढे काही बोलणं झालं नाही. मुलांना हिमनदी दाखवायची असेल तर ही जागा दाखवाच, पण सुंदर बर्फ बघायला चाललो असं सांगून नेऊ नका.

इथले मार्मोट मात्र कुणालाही नाराज करत नाहीत. गुबगुबीत, खारीच्या कुळातला प्राणी, दगडांमध्ये उभा राहून शीळ घालतो. माणसांना ते इतके सरावलेत की जवळ येतात. खायला घालू नये, घालू नये असं सांगितलेलंही असतं, तरी एक आजोबा बिस्किट पुढे करत होते आणि त्यांची नात त्यांना रागावत होती. काचेचा एक निरीक्षण-मनोरा आहे, आत दुर्बिणी आहेत, त्यातून समोरच्या कड्यावरचे आयबेक्स म्हणजे रानबोकड दिसतात. सासूबाईंना दिसला. मला दिसला नाही. त्या अजून सांगतात.

हा सगळा परिसर होहे टाउअर्न राष्ट्रीय उद्यानात मोडतो, आल्प्समधलं सर्वांत मोठं संरक्षित क्षेत्र. त्यातून मोटाररस्ता जातो हे विचित्र वाटतं, पण रस्ता आधीचा, उद्यान नंतरचं.

उतरण्याबद्दल एकच सूचना, पण ती गंभीरपणे घ्या. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतार उतरायचा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोड टाका, दुसरा किंवा तिसरा गिअर, आणि इंजिनला गाडी धरू द्या. वळणाआधी ब्रेक, एकदा, नीट, मग सोडून द्यायचा. रस्त्यावर जळक्या ब्रेकचा वास आम्हाला येत होता, तो आमच्या पुढच्या गाडीचा होता. शेवटी ती गाडी कडेला थांबली आणि सगळे खाली उतरून चाकांकडे बघत उभे राहिले. योग्यच केलं त्यांनी. थंड होईपर्यंत थांबणं हाच उपाय असतो. गंमत म्हणजे याच घाटावर मोठ्या कंपन्या बाजारात न आलेल्या गाड्यांची चाचणी घेतात. काळ्यापांढऱ्या नक्षीने सजवलेली, कंपनीचं चिन्ह झाकलेली गाडी बाजूने गेली तर ती तीच. नवऱ्याला संपूर्ण सहलीत सगळ्यांत जास्त आनंद त्या गाडीने झाला.

मोटारसायकलींचा आवाज हा या रस्त्याचा खरा उपद्रव. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी थव्याने येतात, बऱ्याच जणी-जण शिस्तीत चालवतात, काही वळणाच्या आतून घुसतात. शक्य असेल तर मधला वार निवडा आणि सकाळी लवकर चढा. दुपारनंतर शिखरांवर ढग चढतात, आणि ढगात या तिकिटाला काही अर्थ नाही. निघण्याआधी रस्त्याच्या संकेतस्थळावरचे थेट कॅमेरे बघा. वर पांढरं दिसत असेल तर त्या दिवशी खालच्या तळ्याकाठी बसा, पैसे वाचवा. रस्ता साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो आणि ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरमध्ये बंद होतो, रात्रीही बंद असतो. मेमध्ये गेलात तर दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती मिळतात. त्या कापायला वालाकनेच बनवून घेतलेली 1953 सालची फिरत्या पात्यांची यंत्रं अजून वापरतात. पण तेव्हा तळी गोठलेली, फुलं नाहीत, लहान मुलांना गारठा. जून-जुलै कुटुंबाला जास्त मानवेल. हिमवर्षाव तेव्हाही होऊ शकतो.

कुणी जाऊ नये? ज्यांना एका दिवसात तीन शहरं करायची आहेत त्यांनी. उंचीची खरी भीती असलेल्याने एडेलवाइसश्पिट्झेचा फाटा सोडावा, बाकी रस्त्याला कठडे चांगले आहेत. तान्ह्या बाळाचे कान चढता-उतरताना दुखतात, दूध पाजत राहा, घाई करू नका.

आणि नवऱ्याने शोधलेली ती दुसरी वाट वाया गेली नाही. हायलिगेनब्लूटला उतरून, तिथल्या सुईसारख्या कळसाच्या चर्चमागे पुन्हा एकदा शिखर बघून, आम्ही त्याच घाटाने परत फिरलो नाही. लिएन्त्समार्गे फेल्बरटाउअर्नचा पाच किलोमीटरहून लांब बोगदा धरला आणि मिटरझिलला बाहेर पडलो. त्यालाही टोल आहे, घाटापेक्षा बराच कमी. दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाला अंधारात 36 वळणं पुन्हा नको असतात. बोगद्यापासून पुढे गाडी नवऱ्याने घेतली, पार्किंगसकट.